दहापैकी चार

प्रिय दादा,

त्या रविवारी मी तुला दहापैकी दहा मार्क दिले होते. ते परत घ्यायला हे पत्र लिहायला बसले आहे.

तू म्हणशील, आता? दोन महिन्यांनी? हो, आताच. काल तुझी स्मरणसभा झाली. तिथे मी उभी राहून जे बोलले, त्यामुळे तुझा अनुप माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

नियम तर तूच केला होतास ना? डिप्लोमासाठी पुण्याच्या होस्टेलवर गेलास आणि पहिल्याच सुट्टीत पिशवीभर कॅसेट घेऊन नगरला आलास. कुणा मित्राच्या परदेशातल्या मामाच्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या. कव्हर नाही, बँडचं नाव नाही, नुसते आकडे टाकलेले. मग त्या बँडना आपणच नावं दिली. तुझे गणितवाले आणि बासरीवाले. माझे झोपाळेवाले आणि धूरवाले. पुढे खरी नावं कळली, मासिकात त्यांचे केस वाढवलेले फोटो पाहिले, तरी आपल्या घरात ती नावं कधी आली नाहीत. इतक्या ओळखीनंतर एखाद्याला आडनावाने हाक कशी मारणार?

रविवारी चर्चहून आल्यावर, आईचा रस्सा उकळेपर्यंत, एक तुझं गाणं आणि एक माझं. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, कॅसेट पुढे पळवायची नाही. संपलं की दहापैकी मार्क, आणि कापले तर का कापले ते सांगायचं. हेडमास्तरांच्या घरात दुसरं काय सुचणार होतं? शेजारच्या खोलीत बाबा पेपर तपासत बसलेले असायचे आणि आपला आवाज चढला की तिथूनच म्हणायचे, "मार्क म्हणजे खिरापत नव्हे, कारण द्या."

चाळीसहून अधिक वर्षांत माझ्याकडून तुला मिळालेले सगळ्यात जास्त मार्क सहा. तुझ्याकडून मला साडेपाच. त्या अर्ध्या मार्काचं मला अजून वाईट वाटतं.

तुला मोजता येईल तेच आवडायचं. सुप्याच्या कारखान्यात जन्मभर हातात मापाचं गेज धरून तू केसाएवढा फरक शोधलास, आणि घरी येऊन गाण्यातही तेच केलंस. आता सात मात्रा चालल्यात, आता पाच झाल्या, पुन्हा सात. तुझी बोटं टेबलाच्या कडेवर टकटक करायची आणि चेहरा असा, जणू ते सगळं तूच बसवलंयस. मला नुसतं ऐकूनच दमायला व्हायचं. वीस मिनिटांत अकरा वेळा चाल बदलणाऱ्या त्या माणसांना त्यांच्या घरी कुणी बोलू देत नव्हतं का?

मला एका सुरात राहायला आवडतं. कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये सिस्टर आम्हाला एकच सूर श्वास संपेपर्यंत धरायला लावायच्या. चॅपलच्या फरशीवर खिडकीतलं रंगीत ऊन सरकत यायचं आणि वाटायचं, ऊनही तोच सूर धरून आहे. माझे धूरवाले मला अजून तिथे नेऊन सोडतात. एक ऑर्गन, चार मिनिटं, एकच सूर, हळूहळू रंग बदलणारा. तुला कधी दिसलं का रे ते ऊन? तू म्हणायचास, "शाले, ह्यापेक्षा शुगर फॅक्टरीचा भोंगा बरा. तो निदान शिफ्ट संपल्याचं तरी सांगतो." मी म्हणायचे, तुझ्या गाण्याबरोबर लॉगटेबल द्यायला हवं.

मी काष्टीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले, तेव्हा वाटलं, संपला खेळ. तू कसला ऐकतोस! एसटीच्या ड्रायव्हरकडे कॅसेट द्यायचास, मी स्टँडवरून आणायचे आणि मार्क पोस्टकार्डावर कळवायचे. पोस्टमन ती कार्डं वाचायचा, हे मला फार उशिरा कळलं. एकदा शाळेच्या फाटकात मला थांबवून गंभीरपणे म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ सारखा नापासच व्हतोय की. त्याला शिकवनी लावा एखांदी." तुला हे सांगितलं, तेव्हा तू त्याच्यासाठी वेगळी कॅसेट भरून पाठवलीस. त्याने तुला आठ दिले. आठ! पुढची कित्येक वर्षं तू ते मला ऐकवलंस.

आता त्या रविवाराचं.

शुक्रवारी तुझा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वहिनीला, अनुपला आणि मला आत बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत. बाहेर आल्यावर अनुप म्हणाला, पप्पांना कळता कामा नये. आम्ही दोघींनी मान हलवली. दोन दिवस आम्ही तिघं हॉस्पिटलमधल्या तुझ्या खोलीत हसतमुखाने वावरलो. वहिनीने तर पुढच्या महिन्यात घराला रंग द्यायचाही विषय काढला.

रविवारी तू मोबाईलवर गणितवाल्यांचं वीस मिनिटांचं ते गाणं लावलंस. मी खुर्ची ओढून नियमाप्रमाणे गप्प बसले. तुझी बोटं पलंगाच्या लोखंडी कडेवर चालली होती. सात, पाच, सात. मग एका ठिकाणी ती चुकली. पुन्हा धरायला गेलास, पुन्हा चुकली. मग बोटं तशीच थांबली आणि गाणं एकटंच पुढे गेलं.

संपल्यावर तू विचारलंस, "बोल, किती?"

मी म्हणाले, "दहा."

तू मोबाईल बाजूला ठेवलास. मग अगदी हलक्या आवाजात म्हणालास, "रिपोर्ट एवढा वाईट आलाय का गं?"

मी काय उत्तर दिलं, ते मला आठवत नाही. काहीतरी हवापाण्याचं बोलले असेन. तू "बरं" म्हणालास आणि डोळे मिटलेस. माझी पाळी राहूनच गेली. तिघांनी दोन दिवस जिवापाड जपलेलं मी एका आकड्यात सांगून टाकलं होतं. तेही तुझी दया येऊन. चाळीस वर्षांत मी तुझ्यावर कधी दया केली होती का?

हे मी कुणालाच सांगितलं नाही. अनुप तेव्हा दारात उभा होता. त्याने तो "दहा" ऐकला आणि पाठ वळवून डोळे पुसले; तुझा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. त्याला वाटलं, आत्याने शेवटी मान्य केलं. भाऊबहिणीचा वाद मिटला. कालपर्यंत तो तसंच समजत होता.

चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, एवढी माणसं आली होती. प्रार्थना झाली, दोन गीतं झाली. मग अनुपने स्पीकरवर तुझं तेच गाणं लावलं आणि पाच मिनिटांत हळूहळू आवाज कमी करून बंद केलं! लोकांना कंटाळा नको म्हणून. मी पदर आवळून बसले. मग तो म्हणाला, "पप्पांचं आणि आत्याचं ह्यावरून आयुष्यभर भांडण होतं. पण शेवटी आत्याने त्यांना दहापैकी दहा दिले. आत्या, तूच सांग ना दोन शब्द."

मी उठले. घरून पाठ करून आणलेलं गोड, सोयीचं भाषण माझ्याकडे होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

मी म्हणाले, "ते दहा खोटे होते. माझ्या भावाचं संगीत मला आवडत नाही. मी ते चाळीस वर्षं शेवटपर्यंत ऐकलंय, म्हणून मला हे म्हणायचा हक्क आहे. खरे मार्क चार. आणि ज्याला त्याची आठवण काढायची आहे, त्याने वीसच्या वीस मिनिटं ऐकावं. पाच नव्हे."

हॉलमध्ये मागून कुणीतरी पुटपुटलं, मेलेल्या माणसाशी कसला वाद घालायचा? का नाही घालायचा? तू गेलास म्हणून आता तुझ्याशी पाहुण्याशी बोलतात तसं बोलू? तुझं सगळंच बरोबर होतं म्हणून फोटोला हार घालू आणि मोकळी होऊ? तुला हो म्हणणारी माणसं काल शंभर होती. नाही म्हणणारी मी एकटीच उरले आहे, आणि ती जागा मी सोडणार नाही.

अनुप चहाही न घेता बाहेर निघून गेला. तुझ्या कारखान्यातले शेळके मात्र कप हातात घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, बरं केलं तुमी. साहेब रिजेक्ट मालावर अशीच कारनासकट चिठ्ठी लावायचे. दया करून पास केलेला माल परतच येतो म्हनायचे. लई मानसं रागावली त्यांच्यावर, पन चिठ्ठी काय कुनासाठी बदलली न्हाई."

सगळे गेल्यावर वहिनी आणि मी कप विसळत होतो. तिचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता हीसुद्धा बोलणार. ती म्हणाली, "शालूताई, तुमच्यासाठीचा एक निरोप माझ्याकडे राहून गेला. त्या रविवारी तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, शालीला सांग, पेपर रिचेकिंगला टाकलाय. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत. मग त्या धावपळीत विसरूनच गेले."

मी हातातला कप ठेवला आणि हॉलच्या पायरीवर जाऊन बसले.

म्हणजे तुलाही ते दहा नको होते. त्यानंतर तू अकरा दिवस होतास, दादा. मी रोज येत होते. डाळिंबं सोलून देत होते, उन्हाळा किती वाढलाय ते सांगत होते. तू प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचास, ते ह्यासाठी का? खरा आकडा ऐकायला? मग तोंडाने एकदा तरी विचारायचं होतंस! एवढा कशाला माझा मान राखलास? हा राग मी तुझ्यावर कायम धरणार आहे.

असो. तुझा अर्ज मिळाला. आज रविवार आहे. सकाळी चर्चहून आले, रस्सा चुलीवर ठेवला आणि तुझं गाणं पूर्ण ऐकलं. उठले नाही, पुढे पळवलं नाही. पुनर्तपासणीचा निकाल असा : सुरुवात उगाच घाईची. कीबोर्डवाल्याला थांबावं कुठे ते कळत नाही. शेवटच्या तीन चाली नसत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मधे एक जागा आहे, ती मला पहिल्यापासून फार आवडते. कुठली ते तुला कधी सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही. शोधत बस. ती धरूनच चार.

तुला शब्द देते : दर रविवारी एक तुझं आणि एक माझं लागेल. तुझ्या कॅसेटचं कपाट मी मागून घेणार आहे. अनुपचा राग उतरला की त्यालाही समोर बसवीन. आधी वीस मिनिटं ऐक, मग आत्याशी भांड, असं सांगेन. आणि तू गेलास म्हणून तुझा अर्धा मार्कही वाढणार नाही.

त्या दिवशी राहिलेली माझी पाळी मी आज घेतली. धूरवाले लावलेत. ऑर्गनचा तो एकच सूर चालू आहे आणि ऊन फरशीवर टेबलापर्यंत आलंय. मार्क सावकाश दे. पण खरे दे.

तुझी,
शालू