गॅलरीतला गोडलिंब

७ जुलै, सोमवार. सकाळी.
नातीच्या, चंचलच्या जुन्या वहीत कोरी पानं निघाली, वाया कशाला घालवायची. तिसरीपर्यंत शिकले मी, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. तर झालं असं, चंचलनं वर्गात सांगून टाकलं की आमच्या आजीच्या गॅलरीत फुलपाखरं येतात. एकही येत नाही. आता टीचरबेन दोन ऑगस्टला चार मुली घेऊन बघायला येणार. पोरगी रडायलाच लागली, सगळ्या मला खोटारडी म्हणतील म्हणे. मी म्हटलं, उगी राहा, आणते. कोसाडच्या या बिल्डिंगीत, चौथ्या माळ्यावर आणते. अर्धा जन्म कपाशीत गेला माझा, फुलपाखराचं काय एवढं.

८ जुलै.
नर्सरीवाला म्हणाला, मीठा लीमडा लावा. म्हणजे आपला गोडलिंब. चांगला कमरेएवढा आणला. चंचलचे आजोबा म्हणाले, वरणाला बरा झाला. कडोदऱ्याला कापडाचे लूम चालवण्यात आयुष्य गेलं त्यांचं, यांना पानाफुलातलं काय कळणार. शेजारी पाण्याचं भांडं आणि भाकरीचा चुरा ठेवला. पाखरं पण येऊ देत. फुलपाखरांना सोबत.

१२ जुलै. दुपारी.
आलं! काळं, पिवळ्या ठिपक्यांचं. या पानावर टेकलं, त्या पानावर टेकलं, आणि गेलं. पानावर मोहरीहून बारीक पिवळे दाणे चिकटवून गेलं. ओल्या फडक्यानं पुसले. पाहुणे यायचे तर झाड स्वच्छ पाहिजे.

१७ जुलै.
पानांवर पाखरांची शीट दिसते, काळीपांढरी. रोज पुसते. सोनाली, सून माझी, म्हणते एवढं देवघर पुसत नाही तुम्ही. बोलू दे. साळुंकी मात्र रोज यायला लागली, चुरा खाते आणि माझ्याकडे मान वाकडी करून बघते. ओळखते मला.

२३ जुलै.
हिरवी अळी निघाली. बोट लावलं तर लाल शिंगं काढली, वास तर विचारूच नका. पण अळी दिसली की माझा हात थांबत नाही. लग्नाआधी आमच्या शिवारात माझ्यासारखी अळी कोणी वेचत नव्हतं, मुकादम सगळ्यांना माझं नाव सांगायचा. आज सहा. साबणाच्या पाण्यात. झाडच बोडकं झालं तर फुलपाखरांनी बसायचं कुठं?

२६ जुलै.
आज नऊ. फुलपाखरू का येत नाही कळत नाही.

२९ जुलै.
चंचलनं शाळेचं पुस्तक वाचलं, गुजरातीत. मग मला मराठीत सांगितलं. "आजी, अळीच मोठी होऊन फुलपाखरू होते." पिवळे दाणे म्हणजे अंडी. आणि ती शीट नव्हती, लहान अळ्या तशाच दिसतात.
वही मागं उलटून पाहिली. सहा आणि नऊ पंधरा. पुसलेले वेगळे. पोरीला सांगितलं नाही. सोनालीला कळलं, पण काही बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं.
मी मारल्या त्या कपाशीवरच्याच अळ्या असतील. वाऱ्यानं आल्या असतील.
मागच्या फांदीला एक उरलीय.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
तीन दिवस स्टूल टाकून बसलेय. चहा आजोबा इथंच आणून देतात, वर विचारतात, पोलिसात भरती झालीस का. अळी छान जाड झालीय. बेनना तीच दाखवायची, सांगायचं हे होणारं फुलपाखरू. पोरगी खोटी पडत नाही. सगळं जमलं.

२ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी.
बेन आल्या, मुली आल्या. मी फांदी वळवून म्हटलं, ही बघा. साळुंकी बाजूलाच होती, माझ्या हाताला सरावलेली. टुणकन आली, अळी उचलली, समोरच्या टाकीवर बसून खाल्ली. माझ्या हातात फांदी तशीच.
एक मुलगी हसली. चंचल तिला म्हणाली, "ती साळुंकी आमच्या आजीनं पाळलीय." बेननी मुलींना वहीत तेच लिहायला सांगितलं. मीही मान हलवली. चुरा तर माझाच होता.
सगळे गेल्यावर झाड आवरायला गेले. खालच्या पानावर पिवळा दाणा होता, ताजा. सोनालीनं मागून येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.