आईसाठी पाच फूट खड्ड्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. प्रकल्प भूवैज्ञानिक,
शेल वायू संभाव्यता सर्वेक्षण,
क्षेत्रीय कार्यालय, नांदेड.

विषय : गट क्र. ११२, मौजे बेलवाडी, ता. देवणी, जि. लातूर येथे आईसाठी पाच फूट खड्डा खणण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एकच उत्तर.

महोदय,

१. मी वरील गटाचा मालक. गेल्या मार्गशीर्षात आपले सर्वेक्षक श्री. आनंदराज जमिनीखालच्या वायूच्या शोधात मातीचे नमुने घेण्यास आले. त्यांची खूण उभ्या तुरीत पडली होती. तुरीच्या चार ओळी वाचाव्यात म्हणून मी त्यांना चहा पाजून बांधाकडच्या पडीक कोपऱ्यात नेले. "येथे पूर्वी खोदले आहे काय" या रकान्यात "नाही" लिहून सही केली. ते खोटे होते. तेथे आमच्या वडिलांची समाधी आहे. आम्ही लिंगायत, माणसाला जाळत नाही. बसलेल्या स्थितीत पुरतो. दगड लावायचा राहिला होता, म्हणून साहेबांना काही दिसले नाही.

२. समाधीला लागून सहा फूट खोलीवरून काढलेल्या नमुना क्र. ४७ मध्ये वायूचे प्रमाण जिल्ह्यात सर्वाधिक निघाले. अहवालात ते ठिकाण "आशादायक" आहे. महोदय, ते ठिकाण म्हणजे आमचे वडील आहेत. हयातीत त्यांना असे कोणी म्हटले नव्हते.

३. मी चूक कबूल केली. त्यावर आपले उत्तर आले की, वर काळा पाषाण, त्याखाली काय ते नक्की नाही, भूरचना गुंतागुंतीची. सबब अंतिम निष्कर्षापर्यंत पन्नास मीटरच्या आत कुदळ लावू नये. नमुना रद्द व्हायला फेरतपासणी हवी, फेरतपासणीला खोदावे लागते आणि खोदण्यास मनाई आहे. समाधीचा पुरावा आणावा, तर ग्रामसेवक म्हणतात की मृत्यूच्या दाखल्यात पुरल्या जागेचा रकानाच नसतो. समाधी उघडून दाखवावी, तर आमचे पुरोहित जंगम स्वामी पुन्हा उंबऱ्याला पाय लावणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणायला मनाई.

४. आई बसम्मा, वय चौऱ्याऐंशी. उदगीरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले आहे. ती एकच म्हणते, "मल्लेश, मला ह्यांच्या शेजारीच बशिव. दुसरीकडं नगं." रोज विचारते, "सायबाचं पत्र आलं का?" मी रोज "येऊ लागलंय" म्हणतो. चार ओळी तुरीपायी मी तिची जागा घालवली, हे तिला अजून सांगितलेले नाही. मला लाज वाटते.

तरी वडिलांच्या डाव्या हाताला पाच फूट खड्ड्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
मल्लेश चन्नबसप्पा धनुरे
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : सातबारा, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, कोपऱ्याचा फोटो (त्यात काही दिसत नाही).

ता. क. : अर्ज टाईप होत असतानाच माझी पत्नी महानंदा हिचा फोन आला. आईला भिंतीला टेकवून बसवले आहे. स्वामी आले आहेत. मी अर्ज आवक खिडकीत देऊन गावी निघालो आहे. दिवस मावळण्याआधी खड्डा खणला जाईल. शिक्षा असेल ती मान्य आहे. पुढच्या तपासणीत तेथे वायू वाढलेला दिसला, तर तो आमच्या आईचा आहे. कृपया तशी नोंद घ्यावी.