पिस्टन नसलेली गाडी

बाबा, गेल्या महिन्यात मी ट्रॉयला आईकडे आले होते. मराठी मंडळाचं जेवण होतं, आईबरोबर गेले. तिथे आपल्या जुन्या ओळखीचे एक काका भेटले आणि तुमच्याबद्दल बोलायला लागले. "फार सौम्य माणूस," ते म्हणाले, "कधी कुणाला वावगं बोलला नाही." मी प्लेट टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. हे तेच काका, ज्यांना तुम्ही आपल्या घरात वर्षानुवर्षं 'टायपिस्ट' म्हणायचात, कारण ते कॉम्प्युटरवर काम करायचे. ते बिचारे दर दिवाळीला तुम्हाला मिठाई आणून द्यायचे आणि तुम्ही ते गेल्यावर डबा उघडून "दुकानातली" एवढंच म्हणायचात. माणूस मेला की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवतात. आईसुद्धा मान डोलावत होती. मला तिथे बसवेना. हे लिहिलेलं कुठे जाणार नाही, हे मला कळतं. पण तुम्ही सौम्य होतात असं इतके लोक म्हणायला लागलेत की कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

तुम्ही तुच्छतेवर जगलात. इतर लोकांचे बाप संध्याकाळी घरी येऊन टीव्ही लावायचे, तुम्ही जेवायला बसून माणसं सोलायचात. आज बॉस, उद्या शेजारी, परवा आईच्या भजनातल्या बायका. तुम्हाला ओरडावं लागायचं नाही. तुमचा एक 'हं' होता, नाकातून यायचा, छोटासा, आणि त्यानंतर ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस संपलेला असायचा. तुम्ही पिस्टनवर काम करायचात. शहरातल्या एका बड्या मोटार कंपनीत, आख्खी कारकीर्द, पिस्टन. हातात ग्रीस लागलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नाही, पण पिस्टनबद्दल तुम्ही असे बोलायचात जसे काही लोक आपल्या कुळाबद्दल बोलतात. आणि ज्याच्या दारात जपानी गाडी असेल त्याच्याबद्दल बोलायचीही तुम्हाला गरज वाटायची नाही. त्याला नुसता तो 'हं'.

म्हणून दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी काय केलं ते तुम्हाला इतकं लागलं. मी कॉलेजात होते, घरूनच जायचे, आणि दोन उन्हाळे एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून गाडीपुरते पैसे जमवले होते. शहरापासून लांब, मक्याच्या शेतांपलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त पी.टी. शिक्षकाकडून मी ती लाल गाडी घेतली. जुनी, जपानी, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. त्याचे गुडघे गेले होते, त्याला तीत बसता येत नव्हतं, म्हणून विकत होता. हूड उघडून त्यानं मला ते इंजिन दाखवलं. वर-खाली होणारं त्यात काही नाही, फुगलेल्या त्रिकोणासारखे दोन रोटर असतात आणि ते आपापल्या पोकळीत गरगर फिरतात. तो म्हणाला, ही ऑइल खाते, खाणारच, पेट्रोल भरशील तेव्हा दर वेळी ऑइल बघ. आणि थंड इंजिन चालू करून चार फूट सरकवून लगेच बंद करू नकोस, कधीच नाही. आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, मग ती पुन्हा चालू होत नाही. मी विचारलं, अजून काही? तो म्हणाला, रोज एकदा तरी तिला पूर्ण पळव, हळू चालवलीस तर मरेल.

मी ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी केली तेव्हा तुम्ही दारात आलात, चहाचा कप घेऊन.

"हे काय आणलंस?"

"गाडी."

"यात पिस्टन नाहीत."

"मला माहितेय, बाबा."

"पिस्टन नाहीत त्याला इंजिन म्हणत नाहीत," तुम्ही म्हणालात. "त्याला मिक्सर म्हणतात. चटणी वाट त्यात."

आई मागून डोकावली आणि तिनं विचारलं, "मागची सीट कुठे गेली?" तुम्ही हसलात. मला आठवतं, कारण तुम्ही हसायचात ते फक्त दुसऱ्याच्या खर्चानं. मग तुम्ही सांगितलंत की ही गाडी घरासमोर उभी राहणार नाही, गॅरेजच्या मागच्या बाजूला लाव, ऑफिसातले लोक या रस्त्यानं जातात. एखाद्या मुलीनं घरात परका मुलगा आणला तर बाप जे बोलतात ते सगळं तुम्ही त्या गाडीबद्दल बोललात. मुलगा आणला असता तर बहुतेक इतकं बोलला नसतात.

पुढची वर्षं मी त्या मागच्या कोपऱ्यात काढली. प्लग, पाइप, बेल्ट, रेडिएटर, सगळं स्वतः शिकले, कारण मेकॅनिक ते इंजिन बघून हात वर करायचे. इंटरनेटवर त्या गाड्यांचा एक फोरम होता, तिथली पोरं मला 'ब्रो' म्हणायची, पानभर सल्ला द्यायची आणि शेवटी लिहायची की इंजिन बदलून टाक. त्यांच्याबद्दल मला तुमच्याच सुरात 'हं' करावंसं वाटायचं आणि मी करायचेही. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहायचात. तासन्‌तास. चहा संपला तरी कप हातात. एकदाही बाहेर येऊन पाना धरला नाहीत. एका रविवारी मी गाडीखाली होते, बाजूला तुमचे बूट दिसले, आणि मला वाटलं, आता काहीतरी विचारतील. तुम्ही म्हणालात, "तो क्लॅम्प उलटा बसवलायस," आणि निघून गेलात. क्लॅम्प उलटाच होता. तुम्ही बहुतेक वेळा बरोबर असायचात, आणि तुमच्याबद्दलची ही सगळ्यात वाईट गोष्ट होती.

मग एका जानेवारीतलं हळदीकुंकू. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात बायका, तिळगूळ, आणि आईनं मला ऐन वेळी कागदी प्लेट्स आणायला पिटाळलं. मी तिची मोरपंखी साडी नेसलेली, वर जाडं जॅकेट, पायात बर्फाचे बूट. बाहेर बघते तर माझी गाडी मागच्या कोपऱ्यात नाही, रस्त्याच्या कडेला उभी. किल्ली फिरवली. स्टार्टर कुरकुरतोय, इंजिन पकडत नाही. पुन्हा फिरवते. नाही. पेट्रोलचा वास येतोय. गॅरेजच्या दारात तुम्ही उभे आहात, आणि तेच काका, बायकोला सोडायला आलेले, तुमच्या शेजारी.

"बघा," तुम्ही त्यांना म्हणताय, मला ऐकू येईल इतक्या आवाजात, "जपानी तंत्रज्ञान. पोरीला सांगत होतो, शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे." काका कसंनुसं हसले.

मी पदर खोचला. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, हूड उघडून प्लग सोडवले, बोटं इतकी गार पडली होती की पाना दोनदा बर्फात पडला. मग आत बसून नुसता स्टार्टर फिरवला तेव्हा साचलेलं पेट्रोल प्लगच्या भोकांतून फवाऱ्यासारखं बाहेर उडालं. प्लग पुसले, बसवले, फ्यूज लावला, पुन्हा किल्ली. गाडीनं आधी एक खोकला काढला, मग पांढरा धूर सोडला, इतका की समोरचं घर दिसेना, आणि मग ती चालू झाली. काका टाळ्या वाजवायला लागले होते, तुमच्याकडे बघून थांबले. तुम्ही म्हणालात, "साडीला वास येईल," आणि आत गेलात.

गाडी कुणी हलवली ते मला आईनं रात्री भांडी घासताना सांगितलं. पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून तुम्ही सकाळी ती मागच्या कोपऱ्यातून रस्त्यावर नेली होती आणि तिथेच लगेच बंद केली होती. मी हात पुसून बाहेर आले.

"गाडी तुम्ही हलवलीत?"

"हलवली."

"थंड होती. लगेच बंद केलीत. मी सांगितलं होतं ना, तसं करायचं नाही म्हणून."

तुम्ही पेपर खाली केला नाहीत. "गाडी चालू करायची, हलवायची, बंद करायची. यात सांगण्यासारखं काय असतं? ज्या यंत्राला एवढंही चालत नाही, ते यंत्र वाईट आहे. मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय म्हणतोय?"

तीस वर्षं इंजिनं बनवणाऱ्या माणसानं माझं इंजिन पेट्रोलात बुडवलं, चार लोकांसमोर माझी शोभा केली, आणि शेवटी पुन्हा तोच बरोबर. त्या दिवशी मी ठरवलं की तुमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचं. तुम्हाला तो फरक कळायला किती दिवस लागले देव जाणे. बहुधा कळलाच नाही.

दोन हजार आठच्या सुरुवातीला कंपनीनं तुम्हाला काढलं. लवकर निवृत्ती असं त्याचं नाव होतं, पण विभागच्या विभाग रिकामे होत होते आणि तुमच्या पिस्टनची कुणाला आठवण नव्हती. कंपनीची गाडी त्याच दिवशी जमा करायची होती. तुम्ही मला फोन केलात. "ये. आईची गाडी घेऊन ये." आईची गाडी आईच्या कामावर होती. तुम्हाला ते सांगण्याआधीच तुम्ही फोन ठेवला होतात. मी खोटं बोलत नाही, त्या वाटेवर मला आनंद होत होता. मनात आलं, आता बसा मिक्सरमध्ये.

गेटवरच्या गार्डनं मला आत घेतलं नाही. बाहेरच्या कंपन्यांच्या गाड्या रस्त्यापलीकडे लावायच्या, असा नियम होता. तिथे बऱ्याच गाड्या उभ्या होत्या, माझ्यासारख्या घ्यायला आलेल्या बायका, मुलं. पाणीमिश्रित बर्फ पडत होता. माणसं खोकी घेऊन बाहेर येत होती. तुम्हीही आलात, खोकं छातीशी धरून, तुमच्या विभागातल्या एका उंच माणसाबरोबर. त्याच्या हातात कुंडी होती. तुम्ही गाडी पाहिलीत आणि थांबलात. मला वाटलं, आता तुम्ही बसस्टॉपकडे चालायला लागाल, आणि मी तसं झालं तर तुम्हाला जाऊ देणार होते.

उंच माणसानं विचारलं, "कुणाची गाडी ही?"

"माझ्या मुलीची," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही खोकं माझ्या गाडीच्या हूडवर ठेवलंत आणि त्याला सांगायला लागलात. त्या बर्फात, तिथे उभं राहून, इंग्रजीत, एखाद्या नवख्याला समजवावं तसं. रोटर कसा फिरतो, त्याच्या टोकांवरचे सील का झिजतात, ऑइल मुद्दाम का जाळावं लागतं. थंड इंजिन बंद केलं की काय होतं, आणि मग आधी कुठला फ्यूज काढायचा, मग प्लग कसे सोडवायचे, सगळं ओळीनं. मध्ये मध्ये "मूर्ख डिझाइन" म्हणत होतात, "कुठल्याही शहाण्या इंजिनिअरनं असं केलं नसतं" म्हणत होतात. तुमच्या आवाजात तीच जुनी तुच्छता होती, पूर्ण जागी. तो माणूस ऐकत होता, कारण त्यालाही घरी जायची घाई नव्हती. "आणि मेकॅनिक?" त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मेकॅनिकला काय कळतंय. ती स्वतः करते." मग तुम्ही खोकं उचललंत, आत बसलात, गुडघे डॅशबोर्डला टेकले, खोकं मांडीवर. घरी पोहोचेपर्यंत तुम्ही एकच वाक्य बोललात, की सीट फारच खाली आहे.

मी विरघळले नाही. पुढचे महिने तुम्ही घरात बसून आईचं जे काही केलंत ते मी पाहिलं आहे. तिची पोळी, तिची भिशी, तिचा फोनवरचा आवाज, सोलायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. थंडी सुरू व्हायच्या आत तुमचं हृदय थांबलं. त्या गाडीचं इंजिनही पुढच्या वर्षी बसलं, मी बेलव्ह्यूला नोकरीसाठी निघाले तेव्हा ती सुट्या भागांसाठी कुणीतरी ओढून नेली. दोन्ही वेळा लोकांना वाटलं मी फार रडेन. काका म्हणतात तसे सौम्य तुम्ही नव्हतात, बाबा. तुम्ही क्षुद्र होतात, हुशार होतात, आणि ते दोन्ही एकाच वेळी असल्यामुळे तुमच्याजवळ राहणं अवघड होतं. हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आईला तर नाहीच.

एकच गोष्ट आहे. त्या उंच माणसाला समजावताना तुम्ही एक चूक केलीत. तुम्ही म्हणालात की रोटरचा एक फेरा होतो तेवढ्यात मधल्या शाफ्टचे दोन होतात. दोन नाही, तीन होतात. त्या इंजिनाबद्दलची ही अगदी पहिली गोष्ट आहे, फोरमवरच्या पोरांनाही माहीत असते. इतकी वर्षं मी तुमच्या अशा एका चुकीची वाट बघत होते, आणि ती तुम्ही साक्षीदारासमोर केलीत. त्या माणसानं माझ्याकडे वळून विचारलं, "असं असतं का?"

मी म्हटलं, "हो. बरोबर सांगताहेत ते."