बदली आलीच नाही

विसरभोळ्या नातवा,

आजी नावाचं एक माणूस आहे, आठवतं का? सांगतेय मी, लिहितेय शेजारीण.

तू ड्यूटीला बसतोस त्या कॉम्प्युटरवरून रेल्वेचे सिग्नल पडू लागले आणि इथल्या सिग्नल केबिनला कुलूप लागलं. बदलीचा माणूस आल्याशिवाय तुझे आजोबा कधी केबिनमधून उतरले नाहीत, आणि त्या दिवशी बदली आलीच नाही. वारले, तरी सुटले नाहीत. ज्या फडक्यानं ते लिव्हर ओढायचे, ते मी धुऊन वाळत घालते. सकाळी त्याला पुन्हा तेल लागलेलं असतं. शेजारणीचा हात थांबला. म्हटलं, लिही गं, तुला नाही धरायचे ते.

पुढच्या आठवड्यात केबिन पाडणार आहेत. त्याआधी येऊन वर बघून एवढंच म्हण, “आजोबा, चार्ज घेतला.”

पण हे पत्र टाकायचं नाही. तू ड्यूटीवर; आणि ड्यूटीवरच्या माणसाला बोलावू नये, हे तुझ्या आजोबांचंच सांगणं. फोन केलास तर म्हणेन, मऊ बिस्किटं पाठव, दोघांपुरती.

अंगठा उठवणारी,
तुझी आजी