दगूबाईच्या सुपातले सोने

सौभाग्यवती दगूबाई गिरधर पाटील, माहेर प्रकाशे, हिस,

मृत व्यक्तीस उद्देशून मृत्युपत्र लिहिण्याची रीत नाही, हे मी जाणतो. तथापि गेले सात महिने मी मनातले बोललो ते केवळ तुझ्याशी. आणि या लेखात जे लिहावयाचे आहे ते तुला प्रथम ऐकवल्यावाचून इतरांस वाचू देणे मला प्रशस्त वाटत नाही.

मी, गिरधर दयाराम पाटील, बी. ए., वय वर्षे पन्नास, धंदा शिक्षकाचा, राहणार लोणखेडा, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, असे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे आणि मजवर कोणाचा दाब नाही. दृष्टी मात्र दुपारच्या वेळी थोडी फसवते. ओटीवर ऊन येते, त्यात धूळ तरंगू लागते, आणि त्या धुळीपलीकडे तू सूप घेऊन उभी दिसतेस. डॉक्टरांस मी हे सांगितले. ते म्हणाले, चष्मा बदलून घ्या. मी तो बदललेला नाही.

कलम पहिले. गोमाई नदीकाठच्या वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा माझा धाकटा बंधू बन्सीलाल याजकडे जावा. मला पुत्र नाही व कुटुंब एकत्र आहे, त्यामुळे कायद्याने तो तसाही त्याजकडेच जाईल. तरी लिहितो, म्हणजे त्यास तो मिळाल्यासारखा वाटेल, घेतल्यासारखा वाटणार नाही. बांधावरील बांबूच्या बेटास मात्र त्याने हात लावू नये. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कलम दुसरे. लोणखेड्यातील हे दुमजली घर टांगानिका मुलुखातील लूपा येथील सोन्यातून उभे राहिले, याविषयी वाद नाही. बन्सीलालचे म्हणणे असे की, सन १९३० साली मी आफ्रिकेस गेलो ते जहाजभाडे सामाईक शेताच्या कापसातून दिले. सबब तेथे मी मिळवलेले सोने एकत्र कुटुंबाचे, आणि माझ्या पश्चात हे घर त्याचे. माझी एकुलती कन्या मंगलाबाई, भ्रतार रतिलाल, राहणार खापर, हिला त्यात काही नाही. मी कायद्याची पहिली परीक्षा उत्तीर्ण आहे. सोने मी मिळवले असेल, तर बन्सीलालचे म्हणणे योग्य आहे. ते मी मिळवले काय, एवढाच प्रश्न उरतो.

कलम तिसरे. मी ते मिळवले नाही.

नंदुरबारच्या स्टेशनावर तू डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होतीस आणि चार वर्षांची मंगला गाडीचे डबे मोजत होती, तेवढे चित्र घेऊन मी निघालो. दारेसलाम येथे एका सुरती व्यापाऱ्याकडे दोन वर्षे लिखापढी केली. मग लूपाची बातमी आली. तेथे ओढ्याच्या पात्रात सोने सापडते, असे लोक सांगत, आणि सांगता सांगता हातातले काम खाली ठेवून चालू लागत. मीही नोकरी सोडली, परवाना काढला आणि भूगर्भशास्त्राचा एक जाड ग्रंथ विकत घेतला.

ग्रंथात लिहिले होते की माती पाण्यात धुवावी, म्हणजे सोने तळाशी राहते. लूपाला पाणी पावसाळ्यापुरते असे. उरलेले आठ महिने तांबडी भुकटी, पाने गळालेले रान, आणि त्या रानातून सकाळ-संध्याकाळ वाहणारा वारा. मी दीड कोसावरून पाणी आणवून माती धुतली, आणि जी धुता आली नाही तिचे ढिगारे टाकून दिले. दीड वर्षात हाती आले ते एका चिमटीत मावले असते.

सन १९३३ साली तू आलीस. मी बोलावले नव्हते. तुझ्या आईने दिलेल्या पाटल्या मोडून तू तुझे व मंगलाचे भाडे भरलेस. बंदरावर तुझ्या वळकटीतून तीन सुपे बाहेर आली होती, खापरच्या बाजारात बुरूड जान्या बांबूची विणून विकतो ती, मेथ्यांच्या लगद्याने लिंपलेली. इतर उतारूंपुढे मला संकोच वाटला. मी विचारले, "ही कशाला?"

तू म्हणालीस, "तथला लोक दाना खातस का नई?" तुझे शब्द येथे शुद्ध करीत नाही. हयातीत पुष्कळ केले.

पदवीधराच्या पत्नीने मातीत हात घालू नये असा माझा दंडक होता. चार महिने तू तंबूत बसून राहिलीस. पुढे मी ओढ्याकडे गेलो की तू माझ्या टाकलेल्या ढिगाऱ्यावर सूप घेऊन जाऊ लागलीस, हे मला ठाऊक नव्हते. वारा खळ्यावर सुटतो तसा सुटला होता, म्हणून राहवले नाही, असे तू नंतर सांगितलेस. आठ दिवस तू माती पाखडलीस. धूळ उडून जाई. मग ज्वारी घोळतात तशी तू ती घोळत असायचीस, आणि सुपाच्या कोपऱ्यात जमलेले जड खडे बोटाने बाहेर उडवायचीस. जन्मभर तेच केले होते. खडा राहिला तर भाकरीत दाताखाली येतो. मंगला समोर बसून ते खडे करवंटीत वेचत असे. नवव्या दिवशी तिने भातुकलीतले तांदूळ म्हणून ते धुतले.

मी परतलो तेव्हा करवंटीच्या तळाशी ऊन साचले आहे, असेच मला वाटले.

तू हसत होतीस. "आठ दिन मी सोनंच फेकी दिन्हं."

मी म्हणालो, "वाऱ्याने सोने वेगळे करावे, असे ग्रंथात कोठेही नाही."

"तुम्हना पुस्तकमा वारा शे का?"

त्यानंतरचे तीन उन्हाळे मला सलग एकाच दुपारसारखे आठवतात. तू वाऱ्याकडे पाठ करून उभी आहेस. सूप वर जाते, माती त्यातून सुटते, क्षणभर तुझ्याएवढीच तांबडी आकृती हवेत उभी राहते आणि रानाकडे चालत जाते. सूप खाली येते. मी ढिगाऱ्यावरून पाट्या भरून आणतो आहे. शेजारच्या परवान्यावरचा एक गोरा खाणवाला रोज टोपी काढून पाहत उभा राहतो. परवाना माझ्या नावाचा होता. मी माती वाहिली, आणि सोने तू काढलेस.

कलम चौथे. सन १९३७ साली आपण परतलो, तेव्हा गावाने शाळेच्या ओट्यावर माझा सत्कार केला व सोन्याची अंगठी दिली. मी पाऊण तास भाषण केले. त्यात भूगर्भशास्त्र होते, चिकाटी होती, "मी शोधले" हे शब्द अनेकदा होते. तुझे नाव नव्हते. घरी आल्यावर मी तुझ्याकडे पाहण्याचे टाळले. तू म्हणालीस, "बोला तुम्ही. माले ऐकाले चांगलं वाटस." नऊ वर्षे मी त्या वाक्याची सावली करून खाली बसलो.

गेल्या चैत्रात तू तापाने गेलीस. तुझ्या मुखात ठेवण्यास सोन्याचा कण हवा होता. तुझ्या अंगावर फुटक्या मण्याएवढेही नव्हते; पाटल्या तू पुन्हा केल्याच नाहीस. सर्वजण माझ्याकडे पाहू लागले. मी सत्काराची अंगठी काढली आणि कानशीने घासून कण पाडला. जे सोने तुला मिळावयास हवे होते, त्यातला घासून निघालेला एवढा भाग तुला मिळाला.

आणि तेराव्याच्या दिवशी, भरल्या पंगतीत, बन्सीलाल म्हणाला, "वहिनी बिचारी तथा तंबूमाच बसेल व्हती. पराक्रम दादानाच." मी पानावर मान घालून जेवत राहिलो. त्याने जाणूनबुजून काही केले नाही. त्यास मीच तसे सांगितले होते. तरी तो घास अद्याप उतरलेला नाही.

कलम पाचवे. सबब मी प्रतिज्ञेवर लिहितो की, लूपाचे सर्व सोने माझी पत्नी दगूबाई हिने स्वतःच्या श्रमाने व कौशल्याने मिळवले. ती तेथे स्वतःच्या स्त्रीधनातून गेली. सामाईक शेताचा कापूस तिच्या कामी आला नाही. म्हणून या घरासह जे त्या सोन्यातून झाले ते तिचे स्त्रीधन होय, आणि ते तिच्या कन्येचे, मंगलाबाईचे आहे. हे घर मी तिला देत नाही. जे माझे नाही ते देता येत नाही. मी ते परत करतो, आणि परत करण्यास माझ्या मृत्यूची वाट पाहण्याचे कारण नाही.

कलम सहावे. अंगठी मोडून मंगलाबाईने स्वतःसाठी पाटली करावी. कमी पडेल तेवढे सोने माझ्या शिल्लक पगारातून घालावे. ग्रंथ शाळेच्या वाचनालयास द्यावा. आतल्या कोऱ्या पानावर मी वाऱ्याविषयी टीप लिहिली आहे. जान्या व त्याची मुले यांनी बांधावरील बेटातून लागेल तेवढा बांबू न विचारता तोडावा. उरलेले एक सूप मंगलाबाईने वापरावे. ते भिंतीस टांगू नये.

कलम सातवे. वरील मजकूर मी परवा बन्सीलालास व मंगलाबाईस वाचून दाखवला.

बन्सीलाल म्हणाला, "दादा, भाषणमा तर तू येगळंच सांगेल व्हतं. घर पोरले देवानं म्हनीसन हाई गोट रची काढी का?"

मंगला म्हणाली, "काका, त्या खडा मी धोयात."

त्यावर तो मला म्हणाला, "कोर्टमा तू हाई वाचशी. गावमा वाचशी का? शाळाना ओटावर?"

मी म्हणालो, "वाचीन."

काल वाचले. मंडळी पुष्कळ होती. तिसरे कलम वाचताना मागे कोणी हसले. वाचून झाल्यावर कौसाबाई, जी तुझ्याबरोबर नदीवर धुणे धुवीत असे, खांबाआडून म्हणाली, "आम्हले मालूम व्हतं, मास्तर. दगूना हात आम्ही दखेल शेतस." बाजूच्या बायका माना हलवीत होत्या. नऊ वर्षे त्या सर्वजणी मला रस्त्यात वाट देत होत्या.

बन्सीलाल ओट्यावरून उतरला, जोडे घातले, पुन्हा काढले आणि परत वर आला. "दावा करत नई मी," एवढे म्हणाला. साक्षीदार म्हणून सही करशील काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "वहिनीनं काम शे. करस."

वरील लेख मी स्वहस्ते लिहिला, पुन्हा वाचला, आणि माझ्या हयातीत यात फेर करणार नाही.

सही : गिरधर दयाराम पाटील

साक्षीदार :
भीमसिंग दलसिंग राजपूत, निवृत्त शिक्षक, शहादे
बन्सीलाल दयाराम पाटील, शेतकरी, लोणखेडा

मुक्काम लोणखेडा, कार्तिक मास, शके १८६८, तारीख १४ नोव्हेंबर १९४६

नोंद, त्याच दिवशी, दोन प्रहरी. परवा खापरहून बैलगाडीने आलेल्या मंगलाबाईने आज माझी बांधलेली वळकटी पाहिली. "आबा, तुम्ही कथा जातस?" असे तिने विचारले. शहाद्यास भीमसिंग यांच्या घरी एक खोली भाड्याने घेतली आहे, असे मी सांगितले. ती म्हणाली, घर तिचे असेल तर मी येथेच राहावे, हे सांगण्याचा अधिकारही तिचाच. मी म्हणालो, "अधिकार मान्य आहे. तू बोलावशील त्या दिवशी पाहुणा म्हणून येईन, आणि दार वाजवून येईन." ती पदराने डोळे पुसत ओटीवरच्या उन्हात जाऊन उभी राहिली. नंतर मी खिडक्या लावल्या, पुढील दारास कुलूप घातले, आणि दोन्ही किल्ल्या घरमालकीण मंगलाबाई यांच्या हाती परत केल्या.