पाटावर मांडलेली कादंबरी

जुन्नर, ता. ४ मे १९९८

चि. उज्ज्वलास,
दादाभाऊचे अनेक आशीर्वाद. आईला दंडवत सांग.

आमच्या वाचक मंडळात सध्या नुसती भांडणं. एका मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीतल्या पाच कादंबऱ्या वाचून आपणही पहिला नंबर काढायचा, असं ठरलंय. एकीत पानभर पूर्णविराम नाही. अध्यक्ष भगवंतराव ती वाचता वाचता घोरायला लागले. दुसरी श्रेयाताईंनी रडत वाचली, तीच हर्षाली रद्दीत द्या म्हणते. पण पाचवी! अगं, आपल्या डोंगरातली आहे. मागं आपल्या घरी मुक्काम करून आईच्या हातचं जेवून गेले, त्याच लेखकांची. मी एका बैठकीत संपवली. भागूच्या हाती पाठवतोय. गावाला वाचून दाखव, लोक काय म्हणतात ते कळव. मंडळात मला ऐटीत सांगायचंय.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

वाडी (तळेघर), ता. २ जुलै १९९८

ती. दादास,
उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

लोक काय म्हणतात विचारलंस. काही म्हणत न्हाईत. आईशी बोलायचेच बंद झालेत.

आपल्या देवळात पोथीशिवाय कधी काय वाचलंय? चिमाबाईनं पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, मग मी बसले. सुरुवातीला लोक लई खुशीत. आपलाच ओढा, आपलाच घाट. मग ती विधवा आली, हनुवटीवर गोंदलेली, डावा पाय ओढत चालणारी. सगळे आईकडं बघून हसले, आईपण हसली. पुढं त्या बाईनं देवराईतली झाडं ठेकेदाराला विकली. राईतली वाळकी काटकीसुद्धा आपल्यात कुणी घरी आणत न्हाई, तुला ठाऊक आहे. हसणं जागीच थांबलं. पाटावर मांडलेलं अर्ध्यात सोडायचं न्हाई, म्हणून मी मेली शेवटपर्यंत वाचत राहिले. ह्या मनानं रचलेल्या गोष्टी असतात असं घसा फोडून सांगितलं. बहिरूबाबा म्हणाले, देवापुढं वाचलेलं खोटं कसं असंल.

आता भाताची लावणी आली. आई दरसाल सगळ्यांच्या वावरात वाकते, यंदा त्याची फेड म्हणून आपल्या सावडीला एक बाई फिरकली न्हाई. रोप पिवळं पडायला लागलंय. तू ये. देवळात उभा राहून सांग की ती बाई आपली आई न्हाई. तुझं ऐकतील. पाया पडते, लवकर ये.

आईचे आशीर्वाद. माया असू दे.
उज्ज्वला

जुन्नर, ता. ८ जुलै १९९८

चि. उज्ज्वलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण रविवारी मंडळाचा कार्यक्रम आहे. आमच्याकडे हीच कादंबरी पहिली आली, लेखक स्वतः येणार आहेत आणि त्यांचा परिचय मी करून द्यायचाय. आता कसा निघू? फोनवर त्यांना आईचं सांगितलं, तर म्हणाले, लोकांना इतकं खरं वाटलं ही तर मोठीच दाद. मी कार्यक्रमाची वेळ सांगून फोन ठेवला. कार्यक्रम उरकला की येतो.

एक विचारू? रागावू नकोस. नाना शेवटचे आजारी होते तेव्हा औषधाच्या पैशासाठी आईनं खरंच एखादं झाड दिलं होतं का? इतकं बारीक लिहिलंय. काहीतरी असल्याशिवाय माणूस कशाला लिहील?

बाकी भेटीत. राग धरू नये, ही विनंती.
दादा

वाडी (तळेघर), ता. १५ जुलै १९९८

दादास नमस्कार.

तुझं पत्र नेहमीसारखं ओसरीवर बसून आईला वाचून दाखवलं. आधी नजर फिरवली असती तर जीभ आवरली असती. झाडाचं ते वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं मी काय वाचलं. आई तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

लेखकाचं काय, तो परका. गावानं पोथी समजून ऐकलं, त्यांनाही मी एकवेळ माफ करीन. पण तू कादंबऱ्या वाचतोस रे! पाच पाच वाचतोस, त्यांचे नंबर काढतोस! आणि आईला ओळखायला तुला पुस्तक लागलं? लाज वाटली मला, सख्ख्या भावाची.

रोज सकाळी ती पाय ओढत वावरात जाते. ती लावते, मी मागनं रोपाच्या जुड्या देते. निम्मं वावर होईल, निम्मं पडीक राहील. काल चिखलात उभी असताना एकदाच बोलली. म्हणाली, दादाला देवळात येऊ देऊ नको. त्याला आधी पटू दे, गावाचं गाव बघंल.

आईचे आशीर्वाद दर वेळी लिहिते. या वेळी तिनं सांगितले न्हाईत.

उज्ज्वला