आणि विमानच खोटं बोललं तर?

बाबा, काल गच्चीवर तुमच्या पणतीला मी मोबाइलवर विमानं दाखवत होते. आता मोठी विमानं कुणी विचारायची वाटच बघत नाहीत. मी अमुक, इतक्या उंचीवर, इथे आहे, असं दर सेकंदाला आपणहून सांगत जातात, आणि आपण घरबसल्या बघायचं. तेवढ्यात देवास रोडच्या हवाईपट्टीवरचं शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं आणि मोबाइलवर त्याचा पत्ताच नाही! पोर म्हणाली, "आजी, तुझा मोबाइल बिगडला." मी तिला समजावलं की हे सगळं सांगणारी पेटी प्रत्येक विमानात नसते. मोठ्यांना सक्तीची, लहान-जुन्यांत बहुतेक नसते, आणि फौजेची विमानं मनात आलं की गप्प बसतात. सांगता सांगता तुमची आठवण आली आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

माझ्या वेळची पेटी एवढी बोलकी कुठली! खालून रडारनं विचारलं की नंबर आणि उंची सांगायची, बस. नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, त्यातल्याच एका लहानशा कंपनीत इंदूरला मी लागले होते. वर्कशॉपमध्ये मी एकटीच मुलगी, नोकरी कच्ची, देवास गेटच्या स्टँडवरून बसनं रोजचं अप-डाउन. तुम्ही जन्मभर स्टेशन मास्तर, तुम्हाला ते पेटीचं प्रकरण पटेचना. "गाडी म्हणते मी पूर्ण आले, म्हणून मी मानू? शेवटच्या डब्याची पाटी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मागची गाडी कधी घेतली नाही. आणि तुझं विमानच खोटं बोललं तर?" मी म्हटलं, "पेटी खोटं नाही बोलत हो, बाहेरची हवा तिला जे सांगते तेच ती पुढे सांगते." तुम्ही "हूं" केलंत आणि वर अटही घातलीत, की ज्या दिवशी तुझ्या हातून चूक होईल, त्या दिवसापासून घरी बसायचं. "त्यात माणसं बसतात, बेटा," म्हणालात.

मग ती संध्याकाळ. मी नुकतीच इंदूरहून आलेय, आपण दोघं जेवतोय, आणि तुमचा रोजचा सवाल येतो, "आज काय तपासलंस?" मी ऐटीत सांगतेय की विमानाच्या दोन्ही अंगांना बारीक भोकं असतात, त्यातून पेटीला उंची कळते. तपासताना एका बाजूला आपलं यंत्र जोडायचं आणि दुसऱ्या बाजूच्या भोकावर पट्टी चिकटवायची.

"मग पट्टी काढलीस?"

घास हातातच राहिला. "काढली असेल."

"असेल? असेल म्हणजे काय गं?"

विमान सकाळी उडणार होतं. पट्टी राहिली असती तर ते आभाळात जाऊन चुकीचीच उंची सांगत बसलं असतं. तुम्ही ताटावरून उठलात, बुशकोटाची बटणं वर-खाली लावलीत आणि मला टावर चौकातल्या एसटीडी बूथवर नेलंत. नोकरी तर जाणारच, आणि तुमच्यासमोर जाणार! आमच्या साहेबांनी बॅटरी घेऊन जाऊन बघेपर्यंत मी फोन कानाला लावून उभी होते आणि तुम्ही काचेबाहेर येरझारा घालत होतात.

बाहेर येऊन मी म्हणाले, "पट्टी काढलेली होती, बाबा."

केवढे खूश झालात तुम्ही! तिथल्या तिथे गरम जिलेबी घेतलीत, बूथवाल्यालासुद्धा बळेच खायला लावलीत. "काम एकदम चोख, तरी पोरीनं बघायला लावलं!" हे तुम्ही पुढे कित्येक वर्षं आपल्या अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्यात सांगत फिरलात, आणि दर वेळी मी मान खाली घालून हसायचे. लोकांना वाटायचं, केवढी विनयी मुलगी.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहू दे. साहेब फोनवर म्हणाले होते, "पट्टी लगी हुई है. अच्छा हुआ फ़ोन कर दिया." त्यांनी नोकरी ठेवली. तुम्ही ठेवू दिली नसती, म्हणून मी खोटं बोलले. बाबा, तुमचा माझ्यावर इतका विश्वास असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी तर मनात धरूनच चालले होते की तुम्ही माझ्या हातातून फोन घ्याल आणि साहेबांना स्वतः विचाराल.